पुण्याच्या हवेत मशरूम वाळवताना

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळवणाच्या जागा ठरू लागतात. कठड्यापाशी कुरडया, पाण्याच्या टाकीच्या बाजूला साबुदाण्याचे पापड, मधे कुणाचे तरी सांडगे. गेली काही वर्षं त्यात माझ्या मशरूमच्या दोन चाळण्या असतात. पहिल्या वर्षी संध्याकाळी सासूबाईंनी चाळणी उचलून बघितली आणि विचारलं, “एवढे आणले होतेस, राहिले किती गं हे?” सकाळी चाळणीभर पसरलेले मशरूम खरंच ओंजळीत मावत होते.

मशरूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणूनच ते फ्रीजमध्येसुद्धा चार-पाच दिवसांत चिकट व्हायला लागतात, आणि म्हणूनच नीट वाळवले तर वर्षभर टिकतात. पाणी काढायचं, पण मशरूम शिजू द्यायचे नाहीत आणि नासूही द्यायचे नाहीत, एवढंच हे काम आहे.

वाळवण म्हटलं की आपल्याला आधी ऊन आठवतं. मशरूमला मात्र उन्हापेक्षा वारा जास्त लागतो. काप गरम झाला की आतलं पाणी हळूहळू वर येतं आणि कापाभोवतीच्या हवेत मिसळतं. ती हवा कोरडी असेल आणि सरकत असेल तर पाणी घेऊन निघून जाते. कोंडलेली असेल तर पाणी तिथंच घोटाळत राहतं आणि मशरूम स्वतःच्याच वाफेत शिजतात. माझा पहिला प्रयत्न असाच वाया गेला. जुलै महिना होता, गच्चीचा प्रश्नच नव्हता, म्हणून ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, १०० अंशांवर लावून दार घट्ट बंद केलं. तासाभरात ट्रेमध्ये पाणी सुटलं आणि मशरूमचे काळपट, चामड्यासारखे तुकडे झाले. उष्णता भरपूर होती, वाऱ्याला वाटच नव्हती. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

कुठले मशरूम घ्यायचे

पुण्यात सगळीकडे सहज मिळतात ते बटण मशरूम, २०० ग्रॅमच्या पाकिटात. त्याखालोखाल धिंगरी, म्हणजे ऑयस्टर किंवा शिंपला मशरूम. वाळवायला दोन्हींतली धिंगरी कितीतरी सोपी. तिच्या पाकळ्या मुळातच पातळ असतात, रंग फारसा बिघडत नाही आणि भिजवल्यावर पोत बऱ्यापैकी परत येतो. ताजी धिंगरी दोन दिवसांतच मलूल पडते, त्यामुळे तिची लागवड करणारे उरलेला माल वाळवूनच विकतात. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा, म्हणजे मशरूमचाच, संशोधन प्रकल्प आहे. पुण्याच्या आसपास धिंगरी पिकवणाऱ्यांपैकी अनेक जण तिथं शिकलेले असतात. असा कुणी उत्पादक ओळखीचा असेल तर सकाळी तोडलेली धिंगरी दुपारपर्यंत चाळणीवर पसरता येते, आणि त्याचा फरक चवीत कळतो.

बटण मशरूम घेताना पाकीट उलटं करून बघा. तळाशी पाणी जमलेलं असेल तर ठेवून द्या. टोपीच्या खालचा पातळ पडदा मिटलेला असेल तर माल ताजा. पडदा फाटून आतले कल्ले, म्हणजे टोपीखालच्या पातळ पापुद्र्या, गडद तपकिरी दिसत असतील तर तो जून झालेला आहे. असा जून मशरूम चवीला वाईट नसतो, उलट जास्त दाट लागतो, पण त्याच दिवशी वाळवायला हवा. अतिशुभ्र रंगावर मात्र भाळू नका. काही ठिकाणी मशरूम पांढरे दिसावेत म्हणून मेटाबायसल्फाइट या रंग उजळवणाऱ्या रसायनाच्या पाण्यातून काढतात. थोडा मातकट, फिकट पिवळसर रंग असलेला मशरूम मला जास्त विश्वासाचा वाटतो. दुधी अळिंबी (मिल्की मशरूम) हीसुद्धा वाळते, पण तिचा दांडा जाडजूड असतो, तो पातळ चिरावा लागतो.

पावसाळ्यात मावळ-मुळशीकडे फिरायला गेलं की वारुळांवर, झाडांच्या बुंध्यांशी भरपूर छत्र्या दिसतात. तिथली जाणती माणसं त्यांतल्या काही ओळखून खातात, आणि ती ओळख पिढ्यांची असते. आपण फोटो बघून ओळखायच्या भानगडीत अजिबात पडू नये. विषारी मशरूमचं विष वाळवून जात नाही, शिजवूनही जात नाही. यकृत निकामी करणाऱ्या विषाची लक्षणं तर खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर विष शरीरात भिनलेलं असतं. म्हणून घरी वाळवायचे ते फक्त विकत घेतलेले किंवा स्वतः बियाणं आणून पिकवलेले मशरूम.

साफ करणं आणि चिरणं

आपल्याकडे मशरूम मैद्यात किंवा कणकेत घोळून, चोळून धुवायची पद्धत आहे. भाजीसाठी ठीक, वाळवणासाठी नको. पिठाचा थर कल्ल्यांमध्ये अडकतो, ओला होऊन चिकटतो आणि वाळल्यावर तिथंच बुरशी धरायला जागा होते. ओल्या फडक्यानं किंवा मऊ ब्रशनं एकेक मशरूम पुसून घ्या. माती फारच असेल तर चाळणीत धरून नळाखाली पटकन फिरवा आणि लगेच सुती कापडावर पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. बाहेरून आलेलं प्रत्येक थेंबभर पाणीही तुम्हालाच परत काढायचं आहे.

देठाचं टोक कापून टाका. मग उभे काप करा, साधारण चार-पाच मिलिमीटर जाडीचे, एका मशरूमचे चार-पाच होतील असे. फार पातळ केले तर वाळून कागदासारखे होतात आणि जाळीला चिकटून तुटतात. अख्खे ठेवले तर बाहेरचा थर आधी कडक होतो, आतलं पाणी कोंडतं, आणि हाताला वाळलेला वाटणारा मशरूम पंधरा दिवसांनी बरणीत कुजतो. सगळे काप एकसारख्या जाडीचे असणं हे पातळ-जाड असण्यापेक्षाही महत्त्वाचं. नाही तर अर्धे वाळतात, अर्धे मागे राहतात. धिंगरीला सुरी लागतच नाही. घोसाचा चिवट बुडखा कापून टाकायचा आणि पाकळ्या रेषेरेषेनं हातानंच फाडायच्या, बोटभर रुंदीच्या.

बटण मशरूम चिरल्यावर काळवंडतात. वांगं किंवा सफरचंद काळं पडतं तशीच ही गोष्ट: आतली विकरं (एन्झाइम) हवेशी भेटतात. उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढले तर हे थांबतं, थोडं लिंबू पिळलेल्या पाण्यानंही कमी होतं. मी दोन्ही करत नाही. उकळताना चव पाण्यात जाते, आणि भिजवताना पुन्हा पाणी चढतं. तपकिरी काप रश्श्यात पडल्यावर रंगाचं कुणाला काही वाटत नाही.

गच्चीवरचं वाळवण

पुण्यात गच्चीवर मशरूम वाळवायचा खरा मोसम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान ३८ अंशांच्या आसपास जातं, पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवसांत दुपारची हवा अगदी कोरडी असते आणि वारं सुटलेलं असतं. मेच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नाही. सकाळी लख्ख ऊन आणि चार वाजता गडगडाट, म्हणून मी त्या दिवसांत सुरुवातच करत नाही. ऑक्टोबरात पाऊस परतल्यावर पुन्हा जमतं. नोव्हेंबर ते जानेवारी हवा कोरडी असते, पण ऊन सौम्य आणि पहाटे दव, त्यामुळे दोन-तीन दिवस लागतात. जून ते सप्टेंबर गच्ची विसरायची.

पापडासारखे मशरूम प्लॅस्टिकवर पसरले तर खालची बाजू ओली राहते. खालूनही हवा लागायला हवी. स्टीलची मोठी चाळण, बांबूचं सूप, किंवा लाकडी चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी उत्तम. चौकट चारही कोपऱ्यांत विटांवर ठेवायची, गच्चीच्या फरशीपासून निदान वीतभर उंच. फरशी तापते, तिच्यावरची गरम हवा वर उठते, जाळीतून जाते आणि पाणी घेऊन जाते. हा वीतभर उंचीचा बदल मी केला तेव्हा दोन दिवसांचं काम दीड दिवसावर आलं.

काप एकमेकांना न चिकटता एकाच थरात पसरा. वरून मलमलचं कापड किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घाला, पण कापांना टेकू देऊ नका. चौकटीच्या कडेला चार वाट्या उपड्या ठेवून त्यावरून कापड ताणलं की झालं. पुण्यात हे आवरण कबुतरांसाठी जितकं गरजेचं, तितकंच बांधकामांच्या धुळीसाठी. शेजारी इमारत उभी राहत असेल तर मी गच्चीऐवजी वरच्या मजल्याची बाल्कनी वापरते. ऊन कमी, पण वारा आरपार.

सकाळी नऊला पसरा, म्हणजे दिवसाचं सगळं ऊन हाती राहतं. पहिले तीन-चार तास निर्णायक. दुपारी एकपर्यंत कापांचा पृष्ठभाग कोरडा, किंचित सुरकुतलेला व्हायला हवा. तेव्हा एकदा उलटा. एकला बोट लावल्यावर अजून गार-ओलं लागत असेल, आभाळ भरून आलं असेल, तर वाट न बघता तो घाणा घरात आणून वाळवायच्या मशीनमध्ये (डीहायड्रेटरमध्ये) किंवा ओव्हनमध्ये पुरा करा. ओले मशरूम रात्रभर ताटकळत ठेवणं हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक. वास आंबूस झाला, बोटांना बुळबुळीत लागलं, तर टाकून द्या. पुन्हा वाळवून ते सुधारत नाहीत.

ऊन उतरताच, साडेपाचच्या सुमारास चाळण्या आत घ्या. अर्धवट वाळलेला मशरूम रात्रीच्या हवेतलं पाणी पटकन ओढतो. घरात पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर पुन्हा वर न्या. एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बटण मशरूम पुरे होतात, धिंगरी त्याच्याही आधी.

उन्हाचा एक फायदा कुठल्याही मशीनला देता येत नाही. मशरूममध्ये एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व बनतं. ते किरण काचेतून येत नाहीत, म्हणून बंद खिडकीमागचं ऊन उपयोगाचं नाही. पुढे मशीनमध्ये वाळवायचे असले तरी चिरलेले काप आधी अर्धा-एक तास भर दुपारच्या उन्हात, धिंगरी असेल तर कल्ले वर करून, ठेवायची सवय मी लावून घेतली आहे.

गच्ची नसेल तर ओवायचं. जाड सुती दोरा, गोधडीची सुई, आणि गजऱ्यासारखे काप ओवत जायचे, फक्त प्रत्येक कापानंतर गाठ मारून बोटभर अंतर सोडायचं. ही माळ खिडकीच्या गजांना आडवी बांधली की दोन्हीकडून हवा लागते. कोरड्या दिवसांत धिंगरी अशी सुरेख वाळते.

पावसाळ्यात, मशीन आणि ओव्हन

वर्षातून चार-पाच वेळा वाळवणार असाल तर छोटा डीहायड्रेटर घेण्यासारखा आहे. पाच-सहा जाळ्या, आत पंखा आणि तापमानाची खूण, एवढं असलं की पुरे. पहिले दोन तास ४५ अंश, मग ५५. सुरुवातीलाच ६५-७० लावलं तर बाहेरचा थर आखडतो आणि आतलं पाणी कोंडतं, अख्ख्या मशरूमचं होतं तेच. चार-पाच मिलिमीटरच्या कापांना सहा ते दहा तास लागतात. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत दहाच धरा. मधे एकदा वरच्या जाळ्या खाली, खालच्या वर करा. विजेची काळजी वाटत असेल तर हिशोब सोपा आहे: ३५० वॅटचं मशीन दहा तास सलग चाललं तरी साडेतीन युनिट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण तापमान गाठल्यावर कॉइल मधेमधे बंद होते.

ओटीजीत जमतं, पण लक्ष द्यावं लागतं. अनेक ओटीजींवर सगळ्यात खालची खूणच बरीच वरची असते. ती लावून दार दोन-तीन इंच उघडं ठेवायचं, फटीत लाकडी चमचा अडकवायचा, आणि समोर टेबल-पंखा मंद वेगात, तिरका. आत ओव्हनचा तापमापक ठेवा आणि काटा ६० च्या वर गेला की दहा मिनिटं बंद करा. मी माझ्या पहिल्या अपयशानंतर अशाच पद्धतीनं दोन वर्षं काढली. लहान मुलं घरात असतील तर उघड्या दाराच्या ओव्हनपासून हलू नका. मायक्रोवेव्ह यासाठी नकोच. कन्व्हेक्शनवाला असला तरी तो दार उघडं ठेवून चालत नाही. एअर फ्रायरमध्ये कमी तापमानाची खास सोय असेल तरच वापरा, आणि वरून जाळी ठेवा, कारण अर्धवट वाळलेले हलके काप पंख्यानं उडून कॉइलला चिकटतात.

धिंगरी घरात पंख्याखाली वाळवताना खिडकी उघडी असू द्या. तिचे पांढरे बीजाणू बारीक पावडरीसारखे उडतात आणि ज्यांना दमा आहे त्यांना त्यानं खोकला लागू शकतो.

वाळले की नाही: बोटांवर नाही, वजनावर विश्वास

पाककृतीत लिहिलेलं असतं की काप वाकवला तर ‘कट्’ तुटला पाहिजे. बरोबर आहे, पण गरम काप मऊ लागतो आणि गार झाल्यावर कडक, त्यामुळे आधी पाच मिनिटं गार होऊ द्या, मग तोडा. वाकला आणि तुटला नाही तर अजून पाणी आहे.

याहून पक्की खूण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मिळते. समजा, साफ करून चिरलेले काप १ किलो भरले. त्यातलं ९२ टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग ८० ग्रॅम. टिकण्यासाठी शेवटी ८ टक्क्यांच्या आसपास ओल चालते, म्हणजे वजन ८७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. काट्यावर १२० ग्रॅम दिसत असेल तर त्यात ४० ग्रॅम पाणी आहे, म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा! हाताला ते कोरडे लागतील, पण बरणीत टिकणार नाहीत. मी चिरल्यावरचं वजन कागदावर लिहून चाळणीलाच चिकटवते आणि त्याच्या नऊ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. पाकिटातल्या २०० ग्रॅमचे देठ कापून साधारण १५-१६ ग्रॅम उरतात.

बरणीत भरताना

पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट भरले तर झाकणाखाली दव धरतं. पहिला आठवडा काचेची बरणी दोन-तृतीयांशच भरायची आणि रोज एकदा हलवायची. कुठे एखादा काप जास्त ओला राहिला असेल तर ती ओल सगळ्यांत सारखी वाटली जाते. या आठवड्यात काचेवर आतून बाष्प दिसलं किंवा काप एकमेकांना चिकटले तर सगळे काढून पुन्हा दोन तास वाळवा. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र पूर्ण बरणी टाकायची, तेवढाच काप काढून चालत नाही.

गच्चीवर वाळवलेल्यांना आणखी एक पायरी आहे, कारण उघड्यावर किड्यांची अंडी पडलेली असू शकतात. घट्ट पिशवीत भरून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, किंवा ७० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, लगेच उघडली तर थंड कापांवर पाणी जमतं.

मग घट्ट झाकणाच्या लहान लहान बरण्या, अंधाऱ्या कपाटात, गॅसच्या शेगडीपासून लांब. मोठी एकच बरणी केली तर ऑगस्टमध्ये ती उघडताना दर वेळी दमट हवा आत जाते. खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी प्रत्येकीत टाका. तेलात बुडवून लोणच्यासारखे साठवण्याचा मोह टाळा. तेलाखाली हवा नसते, आणि नीट न वाळलेल्या मशरूममध्ये तिथं बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

वापरताना

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, शिताके (जाड टोपीचे जपानी मशरूम) असतील तर जास्त वेळ. भिजवलेले मशरूम दाबून काढा आणि चांगले शिजवा, कच्चे खाऊ नका. पाणी फेकू नका. तळाशी बारीक रेती बसलेली असते, म्हणून भांडं न हलवता वरचं पाणी मलमलमधून गाळा आणि पुलावाचा भात त्यात शिजवा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्श्यात वाळलेले बटण मशरूम ताज्यांपेक्षा चांगले लागतात, असं माझं ठाम मत आहे. ताजे रश्श्यात पाणी सोडतात, वाळलेले रस्सा शोषतात.

मोडके, बारीक तुकडे जमले की मिक्सरमध्ये पूड करा आणि झाकण लगेच उघडू नका, भुकटी खाली बसू द्या. ही पूड एका वेळी वाटीभरच करावी, ती हवेतली ओल कापांपेक्षाही लवकर धरते. थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर चालते, पिठल्यात अर्धा. टोमॅटोच्या सारात ती सगळ्यात खुलते. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, वाळलेल्या मशरूममध्ये, विशेषतः शिताकेमध्ये, ग्वानिलेट, आणि चव वाढवणारी ही दोन द्रव्यं एकत्र आली की एकमेकांची चव आणखी खुलवतात. चार वाट्या साराला सपाट चमचाभर पूड, फोडणीच्या आधी टाकायची, म्हणजे उकळीत नीट मुरते.